माळावरच्या कॉलनीच्या सिस्टर

सिस्टर,

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मला आधी रडू आलं नाही. हायसं वाटलं. हे दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो. शेवटचे महिने तुम्हाला धड झोपता येत नव्हतं. उशांना टेकून बसल्या बसल्या डोळा लागायचा आणि धाप लागली की पुन्हा उघडायचा. जन्मभर दुसऱ्यांची नाडी बघणारी बाई स्वतःच्याच मनगटावर बोट ठेवून बसलेली मी खिडकीतून बघायचो आणि तोंड फिरवायचो. त्या सकाळी मनीषानं बाहेर येऊन सांगितलं, "काका, आई शांत झाली." शांत हा शब्द मला फार बरा वाटला.

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तिनं माझं नाव पुकारलं. मी उठलो, माईक हातात घेतला, "सिस्टर" एवढंच म्हणालो आणि परत सतरंजीवर बसलो. लोकांना वाटलं, कंडक्टर गहिवरले. खरं सांगायचं तर समोर तुम्ही नव्हता, त्यामुळं बोलायचं कुणाशी तेच कळेना. इतकी वर्षं सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये मी तुमच्याशी बोलत आलो. लोक नुसते ऐकायला होते. म्हणून तिथं राहिलेलं इथं लिहितो.

आपली ओळख एसटीतली. तेव्हा गावाला उस्मानाबाद म्हणत. मी ढोकीच्या फेरीवर कंडक्टर होतो. तुम्ही इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होता, पण राहायला ढोकीला, लांबच्या एका मावशीकडं. रोज पांढऱ्या साडीवर रंगीत शाल लपेटून माझ्या गाडीत चढायचा. एकदा मी विचारलं, "सिस्टर, नोकरी तिकडं आन् राहायला इकडं, हे कसं काय?" तुम्ही म्हणालात, "खोली मिळत नाही. बघायला गेलं की खोली रिकामी असते. मी कोण ते कळलं की आदल्या दिवशीच दिलेली असते." गाडीतले दोघंचौघं हसले. तुम्ही हसला नाहीत. मग मलाच विचारलंत, "तुम्ही कुठं राहता?"

"डेपोत. बाकड्यावर. आमच्या ड्युटीला वेळ ना काळ, आमाला कोण खोली देतंय?"

"मग आपणच घरं बांधू की," तुम्ही म्हणालात, आणि पुढचं तिकीट मागितल्यासारखा हात पुढं केलात. मला वाटलं चेष्टा. पण महिना उलटायच्या आत तुम्ही दवाखान्यातल्या दोन नर्सा, एक कंपाउंडर, शाळेतले दोन मास्तर, महेबूब टेलर आणि माझ्यासारखे डेपोतले काहीजण एका कडुनिंबाखाली गोळा केले होते. सगळ्यांची अडचण एकच, की राहायला जागा नाही. कारणं मात्र वेगवेगळी. तुमचं कारण सगळ्यात जुनं होतं. पण त्यावर तुम्ही कधी भाषण दिलं नाहीत.

गावाबाहेरचा माळ आपण घेतला. माळ म्हणजे काय, नुसता दगड. कुदळ मारली की ठिणगी उडायची. गावातले लोक म्हणाले, यांना जागा विकणारा दादाराव हुशार आणि घेणारे खुळे. दादाराव तसा वाईट माणूस नव्हता. माळाला लागून एक लांबट पट्टी होती. तीतूनच गावाकडं यायची वाट होती आणि तिच्या टोकाला एक बुजलेली बारव होती. दादाराव हात हलवून म्हणाला, "ती बी वापरा. हीर खांदा, वाट करा. म्या कुठं न्हाय म्हणतो?" ती पट्टी त्याच्या बायकोच्या नावावर होती हे आपल्या सगळ्यांना माहीत होतं. पण नवरा हो म्हणतोय म्हटल्यावर पुढं कुणी काही बोललं नाही. तुम्हीही नाही. हे पुढं महागात पडणार होतं.

आपलं पहिलं भांडण प्लॉटांवरून झालं. आम्हा डेपोवाल्यांना एका ओळीत राहायचं होतं, मास्तरांना शेजारी मास्तर हवे होते, तुमच्या नात्यातल्या दोघांनाही तुमच्या आजूबाजूला यायचं होतं. तुम्ही म्हणालात, "चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याला जो निघेल तो."

मी उठून उभा राहिलो. "का म्हणून? पैसे आमचे, मर्जी आमची."

"मर्जीनं बसलो तर उद्या इथं पण गल्ल्या होतील, कंडक्टर. ही अमक्यांची, ती तमक्यांची. गल्ल्याच पाहिजेत तर गावात काय कमी आहेत?"

मी लई ओरडलो. चिठ्ठ्या पडल्याच. आणि माझा प्लॉट निघाला तुमच्या शेजारी. लोक पोट धरून हसले. भिंतीचा खर्च वाचावा म्हणून आपण मधली भिंत सामाईक बांधली, आणि पहिल्याच पावसाळ्यात तिला ओल आली. तुमचं म्हणणं माझ्या मोरीमुळं, माझं म्हणणं तुमच्या टाकीमुळं. गवंड्यांनी येऊन दोन्हीकडून ठोकून बघितलं. प्रत्येकजण ज्याच्या घरी चहा प्यायचा त्याच्या बाजूनं निकाल द्यायचा. सिस्टर, अजून सांगतो, ती तुमची टाकीच होती.

माझी आई त्या घरात यायला तयार नव्हती. शेजार कुणाचा ते तिला कळलं होतं. गावाकडं हातपाय चालेनासे झाले तेव्हा नाइलाजानं आली, आणि आली तरी तुमच्या अंगणाकडच्या खिडकीकडं पाठ करून बसायची. तुम्ही रोज ड्युटीवरून आलात की खिडकीपाशी उभ्या राहायचात. "आई, हात." ती न बघता खिडकीच्या गजातून हात बाहेर काढायची. तुम्ही बाहेर उभ्यानं तिचं ब्लडप्रेशर बघायचात. आत या असं ती म्हणत नव्हती आणि तुम्हीही येत नव्हता. किती दिवस असं चाललं कुणास ठाऊक. एका उन्हाळ्यात तिनं खिडकीतून हात काढलाच नाही. तुम्ही हाक मारली, पुन्हा मारली. आतून आवाज आला, "दार उगडं हाय. उनात का हुबी ऱ्हाती?" बस. त्यावर ना ती कधी बोलली, ना तुम्ही. तिच्या शेवटच्या दिवसांत तिची कूस बदलायला तुम्हीच असायचा. मी तुमचे आभार मानले नाहीत, कारण तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ होतं. "ड्युटी आहे, कंडक्टर." आज तुम्ही मधे बोलू शकत नाही म्हणून मानून घेतो.

कॉलनी वाढली ती अशीच, भांडत भांडत. बारव उपसून तिची विहीर आपण रविवारी रविवारी केली. महेबूबभाई कपडे बेतायची पट्टी घेऊन विहिरीची खोली मोजायचे आणि त्यावरून सगळे त्यांची थट्टा करायचे. खडकातून झिरा फुटला त्या दिवशी मास्तर धोतरासकट आत उतरले. मुरूम टाकून वाट केली. पत्र्याची घरं होती तिथं स्लॅब पडले. भूकंपाच्या साली लोहाऱ्याकडचे माझे पाहुणे मधल्या मोकळ्या जागेत ताडपत्र्या टाकून राहिले, आणि तुम्ही मात्र तिकडं ड्युटीवर गेलात त्या कितीतरी दिवस घरी आला नाहीत. तुमची मनीषा तेव्हा आमच्याकडं जेवायची. मग खांब आले, बल्ब आले, पोरांच्या सायकली गेल्या, मोटारसायकली आल्या. आता तर काहींच्या मोटारी फाटकातून आत वळत नाहीत. रिक्षावाले "सिस्टरची कॉलनी" म्हणायचे तेव्हा तुम्ही चिडायचा. "माळावरची कॉलनी म्हणा. माझं एकटीचं काय आहे यात?"

आणि आपलं मोठं भांडण. तुमचा नियम होता की घर विकायचं तर आधी सोसायटीला विचारायचं, आणि घेणारा कोण हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. मी दरवर्षी ठराव आणायचो, ज्याचं घर त्याची मर्जी. माझा पोरगा पुण्यात रमला, तो काही माळावर परत येत नाही. उद्या मला हे घर विकावं लागलं तर मी मीटिंगची परवानगी मागत बसू? तुम्ही म्हणायचा, "एकेकट्यानं विकायला लागलो की पहिली अडचण कुणाची होईल ते मला विचारा. तुम्हाला नाही कळणार." मी म्हणायचो, "कळणार न्हाय म्हणून तुमी दर वेळी गप करता." दरवर्षी मी हरायचो. पण लोकांना तुमचं पटायचं की लोक तुम्हाला भ्यायचे, हे मला कधी समजलं नाही. मनात कायम एक भीती असायची, की ही बाई आहे तोवर ही कॉलनी आहे. ही गेली की एकेक वीट आपापल्या वाटेनं जाईल.

ती वेळ तुम्ही असतानाच आली. माळाच्या पलीकडून नवा मोठा रस्ता निघाला. आमच्या दगडाला भाव आला. दादाराव जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याची दोन्ही पोरं एका सकाळी माणसं घेऊन आली आणि त्या पट्टीवर चुन्याच्या फक्कीनं रेघा मारायला लागली. मंगल कार्यालय होणार म्हणे. विहीर बुजवणार, वाट बंद. मी पुढं झालो. "अरं, तुमच्या बापानं शब्द दिलाय."

थोरला म्हणाला, "शब्द बापाचा हाय. जागा आईची हाय. आई अंगठा दील आमाला."

त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये पहिल्यांदा तुमचा आवाज चढला नाही. वाट नाही, पाणी नाही, तर घरं काय चाटायची? कुणी म्हणालं कोर्टात जाऊ. कुणी म्हणालं, आत्ताच विकून मोकळे होऊ, मिळेल ते घेऊ. तुमची तब्येत तेव्हाच ढासळायला लागली होती. पायांवर सूज असायची. तुम्ही सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणालात, "त्या बाई कुठं असतात?"

लोहाऱ्याला, लेकीकडं. दुसऱ्या दिवशी आपण दोघं निघालो. रिटायर झाल्यापासून मी एसटीनं इतक्या लांब गेलो नव्हतो. तुम्ही खिडकीपाशी बसलात आणि सगळ्या वाटेत एकदाही भांडला नाहीत. तेव्हा मला कळलं की तुम्ही घाबरल्या आहात.

बयाबाई ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. लहानखुरी बाई, तुमच्यापेक्षा वयानं बरीच मोठी, पण पाठ ताठ. आम्ही कोण ते सांगितलं. त्यांनी शेंगा सोलणं थांबवलं नाही. तुम्ही नीट सगळं सांगितलंत. विहीर कशी खणली, वाट कशी केली, दादारावांनी कसा शब्द दिला. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ती जागा कुणाची व्हती?"

"तुमची," तुम्ही म्हणालात.

"माज्या बापानं मला दिल्याली. लग्नात. नवऱ्यानं तुमाला दिली, मला न्हाय इच्चारलं. तुमी घेतली, तुमी बी न्हाय इच्चारलं. आता पोरं म्हणत्यात अंगठा दी. ती बी इच्चारत न्हाईत, सांगत्यात." मग तुमच्याकडं बघून म्हणाल्या, "तू तर शिकलेली दिसती बाई. तुला बी सुचलं न्हाय?"

मी तोंड उघडणार होतो. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "नाही सुचलं," तुम्ही म्हणालात. "चूक झाली. आता विचारते. ती जागा आमच्या कॉलनीला द्याल का?"

"न्हाय," बयाबाई म्हणाल्या. "इच्चारलंस ते बरं केलंस. पर न्हाय."

परतीच्या गाडीची वाट बघत स्टँडवर आपण भांडलो. मी म्हणालो, एवढ्या लांब येऊन काय मिळालं? असं तोंडावर चूक कबूल करायची असते का? तुम्ही म्हणालात, "त्यांना विचारायचंच राहून गेलं होतं, कंडक्टर. प्रत्येक मीटिंगमध्ये आपण सगळ्यांना विचारलं. जिच्या विहिरीचं पाणी प्यायलो तिला नाही. आता 'नाही' म्हणाल्या तर म्हणाल्या." मी रागानं शेंगदाणे घेतले आणि तुम्हाला दिले नाहीत. तुम्ही माझ्याच पुडीत हात घातलात.

आठवड्याभरानं बयाबाई आल्या. एकट्या, एसटीनं, पिशवी घेऊन. फाटकातून आत येताना मीच बघितलं. "ती नर्स कुटं ऱ्हाती?" मी तुम्हाला हाक मारली. तुम्ही काठी टेकत बाहेर आलात. त्या म्हणाल्या, "दाव. काय केलंय माज्या जागेचं ते दाव."

तुम्ही त्यांना सगळी कॉलनी फिरवली. दर घरापाशी धाप टाकत थांबायचं आणि सांगायचं की हे महेबूबभाईंचं, हे मास्तरांचं, हे आमचं, हे ह्यांचं. बयाबाई मधेच म्हणाल्या, "ही अशी मिसळून कशी काय?" तुम्ही चिठ्ठ्यांचं सांगितलंत. त्या मोठ्यानं हसल्या. मग विहिरीच्या कठड्याला हात लावून कितीतरी वेळ आत बघत राहिल्या. "माजा बाप हितं बैलाला पाणी पाजायचा," म्हणाल्या. "तवाच बुजाय लागली व्हती. तुमी चांगली काढली." आणि पदर खोचून सरळ विचारलं, "मी जागा दिली तर मला काय?"

मला वाटलं, आता आकडा येणार. तुम्हालाही तसंच वाटलं असणार, कारण तुम्ही खाली बघितलंत.

"मला मेंबर करा. हितं मीटिंग भरती म्हणं. मला बी इच्चारायचं. दर टायमाला."

सिस्टर, मी आनंदानं "झालं" म्हणून मोकळा झालो. आणि तुम्ही? तुम्ही म्हणालात, "नियमात बसत नाही. सभासद तोच, जो इथं राहतो." मी डोक्याला हात लावला. घरं वाचवायला बाई देवासारखी दारात आलीय आणि ह्यांना नियम सुचतो! त्या विहिरीपाशीच आपली जुंपली. मी म्हणालो, नियम माणसांसाठी असतो. तुम्ही म्हणालात, एकासाठी वाकवला की दुसऱ्यासाठी मोडतो, आणि वाकवायची पहिली मागणी तुमचीच येईल कंडक्टर. बयाबाई एकदा माझ्याकडं, एकदा तुमच्याकडं बघत होत्या. शेवटी विचारलं, "ही दोगं नवरा-बायकू हाईत का?"

सगळी कॉलनी हसली. तुम्हीसुद्धा. हसता हसता खोकला आला, खाली बसलात, पाणी प्यायलात, आणि मग म्हणालात, "माझ्या घरात खोली रिकामी आहे. इथं राहायला याल का? माझ्याबरोबर तुमचं नाव घालते. मग तुम्हीही सभासद. नियमानं."

मी बयाबाईंच्या तोंडाकडं बघत राहिलो. माझी आई आठवली, गजातून काढलेला हात आठवला. पण बयाबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "चूल हाय का गॅस?"

त्या आल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, भाकरी मी थापीन. मी भिंतीपलीकडून ऐकत होतो. तुमचा आवाज एकदम बारीक आणि कोरडा झाला. "का? माझ्या हातचं चालत नाही?"

"चालतंय की. पर तुजी भाकरी चामट हाय. सकाळी खाल्ली तवा दात हालला माजा."

तुम्ही इतक्या हसलात की मी धावत आलो, वाटलं धाप लागली. मनीषाला फोनवर तुम्ही ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल! माझी बायको शोभा म्हणाली, सिस्टरना असं हसताना आपण ह्या घरात आल्यापासून बघितलं नव्हतं.

रजिस्ट्री ऑफिसात बक्षीसपत्र झालं त्या दिवशी तुम्हाला खुर्चीसकट उचलून रिक्षातून उतरवलं. बयाबाईंची दोन्ही पोरं दाराशी येऊन उभी होती. धाकटा रडकुंडीला आला होता. "आय, आमाला काय ऱ्हायलं?" बयाबाई म्हणाल्या, "बापाचं सगळं तुमालाच ऱ्हायलं. हे माज्या बापाचं हाय." साहेबांनी विचारलं, आजी, कुणी जबरदस्ती केली नाही ना? त्या म्हणाल्या, "न्हाय. हे पयले लोक, ज्यांनी इच्चारलं." आणि अंगठा उमटवला. थोरला महिनाभर फिरकला नाही. मग एक दिवस ज्वारीचं पोतं घेऊन आला, आईच्या दारात उतरवलं आणि पाणी मागितलं. विहिरीचंच दिलं त्याला.

त्या संध्याकाळी रिक्षातून परत येताना तुम्ही मला म्हणालात, "कंडक्टर, आता घंटी मारा." मी म्हणालो, "अजून स्टॉप यायचाय." मला समजलं होतं, पण समजून घ्यायचं नव्हतं. आज म्हणतो की तुम्हाला वेळेवर उतरता आलं ह्याचा मला आनंद आहे. काम अर्धवट टाकून गेल्या असतात तर त्या उशांवरून डोळे मिटले नसते तुमचे.

पुढचे दिवस बयाबाईंनी तुमचं सगळं केलं. मनीषा रजा टाकून आली, तिलाही त्यांनी बसवून जेवायला घातलं. तुम्ही गेलात तेव्हा त्रिशरण-पंचशील म्हणणाऱ्यांत त्या हात जोडून बसल्या होत्या. शब्द येत नव्हते, नुसते ओठ हलत होते.

आता खरी बातमी सांगतो. ह्यासाठीच लिहायला बसलो.

गेल्या रविवारी सोसायटीची वार्षिक सभा होती. तुमच्याशिवाय पहिली. काहीजण म्हणाले पुढं ढकलू, दुखवटा आहे. मी म्हणालो, सिस्टर वर बसून शिव्या देतील, घ्या सभा. चेअरमन म्हणून शाळेत शिकवणाऱ्या रुबिनाला निवडलं, महेबूबभाईंच्या सुनेला. मग इतर विषय आले आणि मी उभा राहिलो. ठराव मांडला, ज्याचं घर त्याची मर्जी. तुम्ही गेल्यावर गप्प बसलो असतो तर ते तुम्हाला खोटं वाटलं असतं. माझा प्रश्न खोटा नाही, सिस्टर. पोरगा खरंच येणार नाही. चांगलं तासभर... नाही, तेवढं नसेल, पण बोललो मी भरपूर. तोडीस तोड कुणी नव्हतं. मला वाटलं, आता सगळे हात वर होणार. आणि मनात ती जुनी भीती दाटून आली, की हे माझ्याच तोंडानं व्हायचं होतं तर.

रुबिना म्हणाली, "काका, तुमची अडचण खरी आहे. तुमचं घर विकायची वेळ आली तर चांगला घेणारा आपण सगळे मिळून शोधू, हा माझा शब्द. पण नियम काढायचा नाही. आम्ही दोघं लातूरला बदलीवर होतो तेव्हा वर्षभर खोली शोधत होतो. ते मी विसरले नाही." कंपाउंडरचा पोरगा बोलला. डेपोतल्या माझ्या जुन्या मित्राची नात बोलली. ती तर माझ्या मांडीवर वाढलेली, तीही माझ्याविरुद्ध. कुणी तुमचं नाव घेतलं नाही. सिस्टर असं म्हणायच्या, सिस्टरना असं वाटायचं, असं एकानंही म्हटलं नाही. सगळे आपापलं बोलले.

शेवटी रुबिनानं विचारलं, "बयाबाई, तुमचं काय?" मनीषा पुण्याला, तेव्हा घराचं मत त्यांचं. बयाबाईंनी माझ्याकडं बघितलं. "ह्याला घर इकायचं असंल तर सांगू दे. आमी बगू कोण येतंय ते. त्यात काय एवढं?" आणि ठरावाच्या विरुद्ध हात वर केला. मग सगळे हात वर गेले. मोजायची गरज पडली नाही.

सिस्टर, मी हरलो. तुम्ही नसताना हरलो. आजवर हरून घरी यायचो तेव्हा दोन दिवस शोभाशी नीट बोलायचो नाही. ह्या वेळी सभेतून उठलो तेव्हा अंगावरचं मोठं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटलं. कॉलनी तुमच्या धाकानं उभी नव्हती. ती आपल्या पायांवर उभी आहे. तुम्हाला हे माहीत होतं की नाही, कुणास ठाऊक. मला नव्हतं.

फाटकापाशी बयाबाईंनी गाठलं. "रुसला का?"

"न्हाय."

"पुढल्या टायमाला जरा थोडक्यात मांड. इचार करू."

मी घरी आलो. शोभानं ताट वाढलं होतं. पोटभर जेवलो आणि त्या दुपारी, सिस्टर, कितीतरी महिन्यांनी गाढ झोपलो.